थडगे हरवले, नाव उरले

नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले आपोआप दफनभूमीकडे वळतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी धुऊन स्वच्छ केल्या जातात, त्यांच्यावर चुन्याचा हात फिरतो आणि झेंडूची फुले व मेणबत्त्या यांनी ती उदास जागा एका संध्याकाळपुरती उजळून निघते. पुण्यासारख्या शहरात मात्र प्रत्येक कुटुंबाला स्वतःची कायमची कबर लाभत नाही. जागा अपुरी आणि माणसे फार. त्यामुळे काही वर्षांनी तीच माती दुसऱ्या कोणासाठी तरी पुन्हा उकरावी लागते. मग त्या संध्याकाळी काही माणसे सामाईक क्रूसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावून मुकाट्याने उभी असलेली दिसतात. ज्याच्यासाठी ती मेणबत्ती लावली, त्याची कबर आता नाही आणि तिच्यावरचा दगडही नाही. नाव तेवढे त्यांच्या ओठांवर आहे.

ते दृश्य पाहिले की मनात एक प्रश्न येतो. कबर नाहीशी झाल्यावर माणसाचे नाव राहते कुठे? हा प्रश्न आपल्या पिढीचा नव्हे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठी राजदरबारातील अधिकाऱ्यांनी त्याचे उत्तर मातीत शोधले. आपल्या मावळातील भिक्षूंनी ते कातळात शोधले, वसईच्या पोर्तुगीजांनी देवळाच्या फरशीत आणि खडकीच्या सैनिकी स्मशानभूमीने एका स्मारकावर. इतिहासाच्या या चार मुक्कामांवरून फिरून पुन्हा आपल्या दफनभूमीत परतावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पहिला मुक्काम इजिप्तमधील थीब्स. आज लक्सर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत नदीच्या पूर्व तीरावर जिवंतांची वस्ती व आमोन देवाची भव्य मंदिरे होती. तर पश्चिम तीरावर, सूर्य मावळतो त्या बाजूला, डोंगराच्या कुशीत मृतांची नगरी वसली होती. राजांची थडगी पलीकडच्या दरीत लपवलेली असत. अलीकडच्या उतारावर वजीर, कोठारांचे अधिकारी, लेखनिक, पुरोहित आणि सेनानी यांची खडकात खोदलेली थडगी होती. याच थडग्यांच्या दर्शनी भागात एक चमत्कारिक वस्तू बसवलेली असे. ती म्हणजे भाजलेल्या मातीचा शंकू.

शेंगदाण्याची कागदी पुडी आडवी धरावी, तसा या शंकूचा आकार. लांबी साधारणपणे वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक. त्याचे निमुळते टोक भिंतीत खुंटीसारखे रोवलेले असे आणि रुंद, वाटोळे तोंड तेवढे बाहेर दिसे. थडग्याच्या दारावर अशा वाटोळ्या तोंडांच्या ओळी लावल्या जात. त्या काळच्या भित्तिचित्रांत थडग्यांच्या कपाळावर वाटोळ्या ठिपक्यांची रांग रंगवलेली दिसते, ती यांचीच. अकराव्या राजघराण्याच्या काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे शंकू कोरे आहेत. पुढे अठराव्या राजघराण्याच्या काळात, इसवी सनापूर्वी सोळाव्या ते चौदाव्या शतकांत, त्यांच्यावर अक्षरे उमटू लागली. माती ओली असतानाच तिच्या तोंडावर, आपल्याकडे विटेवर छाप उठवतात तसा, चित्रलिपीतील मजकुराचा ठसा उठवला जाई आणि मग शंकू भाजला जाई. मजकूर थोडका असे. त्यात मृताचे हुद्दे असत, नाव असे आणि पुष्कळदा पत्नीचेही नाव असे. ओसायरिस या मृतांच्या देवापुढे तो मान्यता पावला आहे, मरणोत्तर न्यायात तो निर्दोष ठरला आहे, अशा अर्थाची काही ठरावीक पदेही त्यात येत.

हे शंकू नेमके कशासाठी होते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. छपरातून बाहेर डोकावणाऱ्या लाकडी तुळयांच्या टोकांची ती प्रतिकृती असावी, असे काहींना वाटते. काहींनी त्यांत मृताला अर्पण केलेल्या भाकरी पाहिल्या, तर काहींना त्या वाटोळ्या तोंडांत सूर्यबिंब दिसले. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांच्यावरचे नाव.

प्राचीन इजिप्तमध्ये नाव हा माणसाचा एक अवयवच मानला जाई. देह, छाया आणि हृदय यांच्या जोडीला नाव. ते उच्चारले जात आहे तोवर माणूस पुरता मेला नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणूनच शत्रूवर सूड घ्यायचा तर त्याचे नाव छिन्नीने खरवडून काढीत. हातशेपसुत या राणीचे नाव तिच्यामागून अनेक स्मारकांवरून पुसण्यात आले. पुढे आखेनातेन राजाने तर आमोन देवाचेच नाव ठिकठिकाणी खोडून काढले. ज्या देशात दगडावरचे नाव इतके असुरक्षित, त्या देशात एकच नाव मातीच्या शेकडो शंकूंवर उमटवून ठेवणे किती शहाणपणाचे ठरले, हे पुढे काळाने दाखवून दिले.

या शंकूंवरील हुद्देही वाचण्याजोगे आहेत. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या कारकीर्दीत मेरिमोसे नावाचा अधिकारी दक्षिणेकडील कुश प्रांताचा कारभार पाहत असे. त्याची पदवी 'कुशचा राजपुत्र' अशी आहे. पण तो राजाचा मुलगा नव्हता. 'राजपुत्र' हा तेथे केवळ हुद्दा होता. आणखी सातशे वर्षांनी मोन्तुएमहात हा थीब्सचा नगराधिपती आणि आमोनचा चौथा पुरोहित होऊन गेला. त्याच्याच हयातीत, इसवी सनापूर्वी ६६३ च्या सुमारास, अश्शूरच्या सैन्याने थीब्स लुटले. जुन्या करारातील नहूम संदेष्ट्याने निनवे नगरीला तिच्या भावी नाशाची ताकीद देताना ज्या नगराच्या पाडावाची आठवण करून दिली, ते नगर हेच. मोन्तुएमहातने बांधलेले थडगे एखाद्या राजवाड्याएवढे आहे. तरीही त्याने आपल्या नावाचे मातीचे शंकू करून घेतलेच. दगडी वैभवावर त्याचाही पुरता भरवसा नसावा.

पुढे काय झाले, ते या वस्तूंच्या इतिहासातच दिसते. दर्शनी भिंती ढासळल्या. थडग्यांत लोकांनी संसार थाटले, गुरे बांधली. शंकू उतारावरून घरंगळले, मातीत गाडले गेले आणि अखेरीस जगभरच्या संग्रहालयांत विखुरले. नॉर्मन द गारिस डेव्हिस या अभ्यासकाने आपले आयुष्य थीब्सच्या थडग्यांतील चित्रे व लेख उतरवून घेण्यात घालवले. त्याने शंकूंवरील ठशांचीही नोंद केली. १९४१ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि मॅकॅडम या संपादकाने १९५७ मध्ये ती नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत सहाशेहून अधिक निरनिराळे ठसे आहेत. त्यांतील कितीतरी ठसे असे आहेत की, त्यांच्या धन्याचे थडगे आजवर कोणाला सापडलेले नाही. खडकात खोदलेले दालन, रंगवलेल्या भिंती, दगडी पेटी, सारे काळाच्या उदरात गडप झाले. आणि मूठभर मातीवर तो कोण होता, काय काम करीत होता, त्याच्या पत्नीचे नाव काय होते, एवढे शिल्लक राहिले.

परंतु नुसते लिहून ठेवल्याने नाव वाचत नाही. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इसवी सन ३९४ मधला आहे. त्यानंतर ती लिपी वाचणारे कोणी उरले नाही. सुमारे चौदा शतके ती नावे डोळ्यांसमोर असूनही मुकी होती. १८२२ मध्ये फ्रान्सच्या शांपोल्योंने त्या लिपीचे रहस्य उलगडले. या कामी त्याला कॉप्टिक भाषेचा फार मोठा आधार झाला. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्तच्या भाषेचीच अखेरची पिढी. घराघरांतून ती लोपली, पण तेथील ख्रिस्ती बांधवांनी आपल्या उपासनेत ती जपून ठेवली होती. फारोच्या अधिकाऱ्यांची नावे पुन्हा उच्चारली गेली, त्यात त्या उपासकांचाही वाटा आहे. नाव टिकायचे तर दोन हात लागतात: एक लिहिणाऱ्याचा आणि दुसरा वाचणाऱ्याचा. पहिल्याने आपले काम केले, तरी दुसरा येईपर्यंत ते अपुरेच राहते.

आता नाईलचा काठ सोडून आपल्या पुणे जिल्ह्यात येऊ. लोणावळ्याच्या लोकलने निघून मळवली स्थानकावर उतरले की समोर लोहगड आणि विसापूर हे किल्ले दिसतात. त्यांच्या पायथ्याशी भाजे गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर कातळात खोदलेली बौद्ध लेणी. ही महाराष्ट्रातील अतिप्राचीन लेण्यांपैकी असून त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. पाहुणे येतात ते चैत्यगृहाची कमान पाहून आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून परततात. चैत्यगृहाच्या दक्षिणेला असलेल्या दगडी स्तूपांच्या लहानशा घोळक्यापाशी फार थोडे लोक थांबतात.

हे स्तूप १४ आहेत. पाच कातळाच्या छताखाली आणि नऊ उघड्यावर. या लेण्यांत राहून निधन पावलेल्या ज्येष्ठ भिक्षूंची ती स्मारके आहेत. त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत काही नावे कोरली आहेत. अभ्यासकांनी त्यांतून अंपिनिक, धम्मगिरी आणि संघदिन ही तीन नावे वाचली आहेत. लेख अगदी त्रोटक आहेत: अमुक थेर भदंतांचा हा स्तूप, एवढाच मजकूर. 'थेर' म्हणजे संघातील ज्येष्ठ, वयाने आणि दीक्षेने वडील असलेला भिक्षू. 'भदंत' हे पूज्य व्यक्तीसाठी वापरायचे संबोधन.

या लेखांतील एक बारकावा मराठी माणसाला विशेष भावण्यासारखा आहे. स्तूप एकाच भिक्षूचा, पण त्याच्या नावापुढचा प्राकृत प्रत्यय अनेकवचनी आहे. आपण 'आजोबा आले', 'फादर म्हणाले' असे म्हणतो, तसेच ते आदरार्थी बहुवचन. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या कोणा शिष्याने आपल्या गुरूचे नाव कातळात कोरवून घेताना त्यांना एकेरीने संबोधले नाही. त्या शिष्याचे नाव लेखात नाही. त्याचा आदर मात्र व्याकरणातून आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

भाज्यातील ही नावेही शतकानुशतके मुकी होती. ब्राह्मी लिपी वाचणारे लोपले आणि आपल्या लोकांनी अशा कोरीव दालनांना सरसहा पांडवांची लेणी म्हणून टाकले. वाचता येत नाही, तेथे माणूस दंतकथा रचतो. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची अक्षरे ओळखली. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख उतरवून १८८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि या कातळांना पुन्हा वाचा फुटली.

याच मालिकेतील पुढचे पान बोरिवलीजवळच्या कान्हेरीला उलगडते आणि ते उलगडण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे एका लांबलचक, पुढे झुकलेल्या खडकाखाली भिक्षूंची स्मारकवीथी होती. येथील स्तूप कातळाचे नव्हते, ते विटांचे होते. एकाशेजारी एक असे ते दाटीवाटीने उभे होते आणि त्यांची संख्या शंभराच्या घरात होती, असे अवशेषांवरून दिसते. विटा ढासळल्या आणि पुढे तेथे ढिगारेच काय ते राहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुराभिलेखतज्ज्ञ डॉ. शोभना गोखले यांनी या पडझडीतून हाती आलेल्या स्मृतिलेखांचे चिकाटीने वाचन केले. कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला.

थीब्सच्या शंकूंशी या लेखांचे साम्य मनात भरल्यावाचून राहत नाही. येथेही भाजलेली माती आहे, दाटीने मांडलेली लहान लहान स्मारके आहेत आणि नावासोबत येणारी पदेही आहेत. फरक आहे तो त्या पदांत. मेरिमोसेची पदवी राजाने दिली होती. कान्हेरीच्या थेरांच्या नावापुढे 'अर्हत', 'अनागामी', 'त्रैविद्य' अशी विशेषणे येतात. ती कोणा राजाने दिलेली नाहीत. साधनेच्या वाटेवर तो भिक्षू कोठवर पोहोचला होता, हे त्याच्या सोबत्यांनी त्यांतून नोंदवले आहे. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी एकच शब्द लिहायचा झाला तर कोणता लिहावा, हा प्रश्न दोन्हीकडे होता. एकाने सत्तेचा शब्द निवडला आणि दुसऱ्याने साधनेचा.

कान्हेरीहून उत्तरेला फारसे दूर न जाता आपण वसईच्या किल्ल्यात पोहोचतो. येथे आपल्या, म्हणजे महाराष्ट्रातील कॅथलिकांच्या, इतिहासाची पाने शब्दशः पायाखाली अंथरली आहेत. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन अशा संघांची मंदिरे व मठ उभे राहिले. त्यांच्या फरशीखाली उमराव, सेनानी आणि अधिकारी पुरले गेले. शिळांवर त्यांची नावे, मानपदे, काहींची घराण्याची चिन्हेही कोरली गेली. सत्तांतरानंतर छपरे कोसळली, भिंतींतून पिंपळ उगवले. येथल्या घंटा विजेत्यांनी दूरदूरच्या देवळांना अर्पण केल्या. आपल्या जिल्ह्यातील भीमाशंकरची क्रूसांकित घंटा त्यांपैकीच मानली जाते. घंटा गेल्या, शिळा मात्र जागच्या जागी राहिल्या.

या शिळांचा वाचणारा हातही आपल्यातलाच होता. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जुझे जेर्सन द कुन्य यांनी चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांचा अभ्यास करून १८७६ मध्ये त्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. औषधोपचाराचा व्यवसाय सांभाळून त्यांनी इतिहास, भाषा आणि नाणी यांचाही व्यासंग केला. त्यांच्या काळी जी अक्षरे वाचता येत होती, त्यांतली काही नंतर पाऊस आणि पावले यांनी झिजली. पण कागदावर उतरलेली अक्षरे वाचली.

येशूसंघीयांच्या मंदिरात वेदीजवळ आढळलेल्या दोन शिळा मला सर्व अधिकाऱ्यांच्या शिळांहून अधिक बोलक्या वाटतात. एक आहे इझाबेल द आग्वियार या विधवेची. २४ जानेवारी १५९१ रोजी तिचे निधन झाले. तेथील विद्यालयाची ती थोर आश्रयदाती होती, असे शिळा सांगते. दुसरी आहे दोना फिलिपा द फोन्सेका हिची. तीही विधवाच. २० जुलै १६२८ रोजी ती निवर्तली. तिने हयातीतच आपले सर्वस्व त्या मंदिराला देऊन टाकले होते, अशी तिच्या शिळेवर नोंद आहे. या दोघींना कसला हुद्दा नव्हता, कोणत्या प्रांताचा कारभार नव्हता. हुद्द्याच्या जागी शिळेवर काय आले? त्यांनी जे दिले ते. थीब्सला सत्ता लिहिली गेली, कान्हेरीला साधना. वसईच्या या दोन शिळांवर औदार्य लिहिले गेले. शुभवर्तमानातील मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणारी विधवा आपल्याला ठाऊक आहे. तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. या दोघींचे ठेवले गेले.

चौथा आणि शेवटचा मुक्काम आपल्या घराजवळचा: खडकी. तेथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांच्या कबरी आहेत. त्यांतील अनेक जण मुळात येथे पुरलेले नव्हते. पश्चिम व मध्य भारतातील निरनिराळ्या ठिकाणच्या ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्या येथे आणण्यात आल्या. हिरवळीवर ओळीने मांडलेली स्मृतिचिन्हे पाहताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यांच्यावर सैनिकाचा हुद्दा लिहिलेला आहे, पण हुद्द्यानुसार दगड लहानमोठा झालेला नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने हे तत्त्व आरंभापासून पाळले: सेनापती असो वा साधा शिपाई, मरणानंतरचा दगड सारखाच.

याच आवारात पहिल्या महायुद्धाचेही एक स्मारक आहे आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याच्यावर अठराशेहून अधिक सैनिकांची नावे आहेत. हे सैनिक भारतात सेवा बजावत असताना वारले आणि आजच्या भारत व पाकिस्तानातील गावोगावच्या, छावण्याछावण्यांच्या दफनभूमींत पुरले गेले. त्या सर्व विखुरलेल्या कबरींची देखभाल करणे अशक्य झाले, तेव्हा त्यांची नावे खडकीला एकत्र आणण्यात आली. कबर दूर कोठे तरी गवतात लोपली आहे आणि नाव येथे आहे. थीब्सला जे काळाने आपसूक घडवले, ते खडकीला माणसांनी जाणूनबुजून केले. कबर राखता येत नसेल तर निदान नाव राखू, हा तो निर्णय.

आणि आता आपण जेथून निघालो, त्या आपल्या दफनभूमीत परत येऊ. पुण्यातील कॅथलिकांचे पहिले मंदिर सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभे राहिले. क्वार्टर गेटजवळचे, 'सिटी चर्च' या नावाने सर्वांना परिचित असलेले ते मंदिर पेशव्यांच्या सेवेतील कॅथलिक सैनिकांसाठी होते. कोरीव शिळा घडवून घेणे हे साध्या शिपायाच्या ऐपतीतले काम नव्हे. त्यांच्यामागून पुण्यात आलेल्या रेल्वे कामगारांचे, परिचारिकांचे, शिक्षकांचे, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचेही तेच. त्यांच्या नावांचे शंकू कोठे आहेत?

ते आहेत. ते आपल्या धर्मग्रामाच्या कपाटात आहेत. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, विवाह इत्यादींच्या जोडीला मृतांचीही नोंदवही ठेवण्यास सांगितले. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेतही प्रत्येक धर्मग्रामाने मृत्यूची नोंदवही ठेवावी, अंत्यविधीनंतर त्याची नोंद करावी आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात, असे सांगितले आहे. नाव, तारीख, धर्मगुरूची सही: शंकूवरच्या ठशाइतकाच थोडका मजकूर. त्या वहीत श्रीमंताला अधिक ओळी आणि गरिबाला कमी, असे नसते. खडकीच्या हिरवळीवरची समानता आपल्या वह्यांनी कितीतरी आधीपासून पाळली आहे.

परंतु वही म्हणजे काही भाजलेली माती नव्हे. तिला वाळवी लागते, ओल लागते, शाई फिकट होते, पाने आपोआप तुटतात. शिवाय वहीत लिहिलेले असले तरी ते वाचणारा हात हवा. आपल्यापैकी कितीजणांना पणजोबांचे संपूर्ण नाव, त्यांच्या निधनाचे वर्ष आणि त्यांना कोठे पुरले ते ठाऊक आहे? घरातील वडीलधारी व्यक्ती गेली की तिच्यासोबत अशी दहा-वीस नावे जातात. त्या नावांपुरती चित्रलिपीची ती चौदा मुकी शतके आपल्या घरात अवघ्या दोन पिढ्यांत उतरतात.

यावर उपाय काही मोठा नाही आणि खर्चाचा तर मुळीच नाही. जुन्या कबरीची माती पुन्हा उकरण्यापूर्वी तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि दगडाचे छायाचित्र काढून ठेवावे. कोणत्या धर्मग्रामाच्या वहीत आपल्या कोणाची नोंद आहे, हे फादरांना विचारून एका कागदावर लिहावे. तो कागद घरातील पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या भावंडाच्या घरी असू द्यावी. एकच नाव अनेक ठिकाणी असले की ते टिकते, ही थीब्सच्या कुंभारांची शिकवण आहे. आणि नावापुढे एखादा शब्द लिहायचाच असेल, तर नोकरीतला हुद्दाच हवा असे नाही. आजीने कोणाला शिकवले, आजोबांनी कोणाला आसरा दिला, तेही लिहावे. वसईच्या त्या दोघी विधवांची ओळख आज तेवढ्यावरच टिकून आहे.

देव प्रत्येकाला नावानिशी ओळखतो, ही आपली श्रद्धा. त्याला आपल्या वह्यांची गरज नाही. ती आपल्याला आहे. मृतांसाठी प्रार्थना करणारे आपण, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावेच विसरलो, तर ओठांवर काय आणणार? यंदाच्या नोव्हेंबरात सामाईक क्रूसापाशी मेणबत्ती लावताना सोबत मुलांना न्यावे आणि ज्याच्यासाठी ती लावली त्याचे संपूर्ण नाव त्यांच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावे.